जुन्या गाडीची ऑइलगळती: उगम कसा शोधावा, दुरुस्ती कशी करावी

माझ्याकडे १९९८ सालची, कार्ब्युरेटरची मारुती ८०० आहे. एका वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर तिच्याखाली ऑइलचे डाग पडू लागले. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडले जातात, बरोबर त्या सांध्याखाली हे डाग असत. ज्या गॅरेजमध्ये गाडी नेली तिथे खालून एकदा टॉर्च मारून क्रँकचे, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या शाफ्टचे, मागचे सील गेल्याचे सांगण्यात आले. गिअरबॉक्स उतरला, नवे सील बसले, दोन दिवस आणि भरपूर मजुरी गेली आणि आठवड्याभरात डाग पुन्हा त्याच जागी उमटला. खरी गळती वर, हेडच्या (इंजिनाच्या वरच्या भागाच्या) गिअरबॉक्सकडील टोकाला होती. तिथे बसणाऱ्या, प्लगना आळीपाळीने वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची गोल रबरी ओ-रिंग कडक होऊन चिरली होती, आणि तिच्यातून झिरपणारे ऑइल इंजिनाच्या पाठीवरून ओघळत सील असते त्याच भागात येऊन थेंबाथेंबाने पडत होते. ती रिंग बदलायला अर्धा तासही लागला नाही.

तेव्हापासून मी एक नियम काटेकोरपणे पाळतो आणि या लेखाचा भरही त्यावरच आहे. ऑइल नेमके कुठून निघते आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी दिसल्याशिवाय एकही बोल्ट सैल करायचा नाही. दुरुस्तीची बहुतेक कामे अवघड नसतात. अवघड असते ते निदान, आणि नेमकी तिथेच घाई केली जाते.

मुंबईत ही गळती लवकर का सुरू होते

इंजिनातील सांधे बंद ठेवण्याचे काम कॉर्क, रबर किंवा कागदी पॅकिंग करते, आणि फिरणारे शाफ्ट जिथे बाहेर येतात तिथे रबरी ओठाची ऑइल सील बसवलेली असतात. उष्णतेने हे रबर हळूहळू लवचीकपणा गमावते, आकसते आणि शेवटी प्लास्टिकसारखे कडक होते. सायन किंवा अंधेरीच्या वाहतुकीत तासन् तास पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरकणाऱ्या गाडीला वारा मिळत नाही, त्यामुळे बॉनेटखालचा भाग मोकळ्या रस्त्यापेक्षा कितीतरी जास्त तापतो. उलट रोज लोकलने जाणारा मालक गाडी आठवडेच्या आठवडे उभी ठेवतो, तेव्हा सीलच्या ओठावरचे ऑइल उतरून जाते आणि रबर कोरडे पडते. त्यात पावसाळ्यातले पाण्याने भरलेले खड्डे आणि बेढब गतिरोधक इंजिनाच्या तळाशी असलेल्या ऑइलच्या चेंबरला घासतात, ठोकतात आणि कधी त्याची कड वाकवतात.

थोडी गळती चालवून घेण्याची सवय आपल्याकडे आहे, ती मला योग्य वाटत नाही. टॅपेट कव्हरमधून, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणातून निघालेले ऑइल तापलेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर (जळका वायू बाहेर नेणाऱ्या नळ्यांवर) पडले, तर जळका वास आणि धूर येतो, आणि परिस्थिती वाईट असेल तर आगही लागू शकते. स्टॅक पार्किंगमध्ये वरच्या पाळीवरच्या गाडीचे ऑइल खालच्या शेजाऱ्याच्या गाडीच्या टपावर पडते. सर्वांत गंभीर गोष्ट म्हणजे रस्त्यावर सांडलेले ऑइल पहिल्या पावसात पाण्याबरोबर पसरते आणि उड्डाणपुलाच्या वळणावर दुचाकीस्वार घसरतात. आपल्या गाडीचा थेंब दुसऱ्याच्या हाडांवर बेतू नये, एवढी काळजी प्रत्येक मालकाने घेतलीच पाहिजे.

पहिली पायरी: गळते आहे ते इंजिन ऑइलच आहे का

रात्री गाडी सपाट जागी उभी करून इंजिनाखाली मोठा पुठ्ठा किंवा वर्तमानपत्राची चार-पाच पाने अंथरावीत आणि पुढच्या चाकांची जागा त्यावर पेनाने आखून ठेवावी, म्हणजे सकाळी डाग इंजिनाच्या कोणत्या बाजूखाली आहे ते समजते. मग रंग, वास आणि स्पर्श तपासावा. इंजिन ऑइल तपकिरी ते काळे आणि बोटांत बुळबुळीत असते. गिअर ऑइल जास्त दाट असते आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. कूलंट हिरवे, गुलाबी किंवा निळसर, पातळ आणि किंचित गोडसर वासाचे असते. पॉवर स्टिअरिंगचे ऑइल बहुधा लालसर असते. ब्रेक ऑइल फिकट पिवळे असून चाकांच्या आतल्या बाजूला किंवा ब्रेकच्या मास्टर सिलिंडरखाली दिसते; ते आढळल्यास बाकी सगळे बाजूला ठेवून गाडी जागेवरच थांबवावी. डाव्या पुढच्या सीटसमोरच्या भागाखाली निव्वळ पाणी पडत असेल तर ते एसीचे असते, आणि मुंबईच्या दमट हवेत ते बरेच पडते. त्याची चिंता करू नये.

याच वेळी डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी दाखवणारी पट्टीही पाहावी. बहुतेक लहान गाड्यांत खालच्या आणि वरच्या खुणेमध्ये सुमारे एक लिटरचे अंतर असते. ऑइल वरच्या खुणेच्याही वर असेल तर फिरणारा क्रँक ते घुसळून फेस करतो आणि गळती वाढते. तसे असल्यास जादा ऑइल आधी काढून टाकावे. तुंबलेल्या पाण्यातून गाडी काढल्यानंतर डिपस्टिकवर दुधाळ, चहासारखे ऑइल दिसले तर आत पाणी शिरले आहे असे समजावे आणि इंजिन सुरूच करू नये.

दुसरी पायरी: धुणे, वाळवणे आणि वाट पाहणे

वर्षानुवर्षांच्या धुळीने आणि ऑइलने माखलेल्या इंजिनावर नवी गळती कधीही ओळखू येत नाही. म्हणून इंजिन पूर्ण थंड असताना, बॅटरीची ऋण तार काढून, डिस्ट्रिब्युटर, अल्टरनेटर, कॉइल, एअर फिल्टरचे तोंड आणि विजेचे कनेक्टर पॉलिथिनने घट्ट झाकावेत. नंतर डिग्रीझर मारून जाड ब्रशने घासावे. डिग्रीझर नसेल तर रॉकेल किंवा डिझेल चालते, पेट्रोल मात्र कधीही वापरू नये. वॉशिंग सेंटरवर प्रेशरचा पंप वापरणार असतील तर फवारा विजेच्या भागांपासून दूर ठेवायला आधीच बजावावे. ओल्या डिस्ट्रिब्युटरमुळे गाडी तिथेच बंद पडण्याची शक्यता असते. रॉकेल-डिझेलने धुतलेले इंजिन फडक्याने कोरडे करून किमान काही तास मोकळ्या हवेत ठेवल्याशिवाय सुरू करू नये.

इंजिन कोरडे झाल्यावर संशयित सांध्यांवर साध्या टाल्कम पावडरचा पातळ थर भुरभुरावा. मग इंजिन आयडलवर, म्हणजे अॅक्सिलरेटर न दाबता, पंधरा-वीस मिनिटे चालू ठेवून टॉर्च आणि दाढीच्या आरशाच्या मदतीने सर्व बाजूंनी पाहावे. फिरत्या बेल्टजवळ आणि पंख्याजवळ हात किंवा सैल बाही नेऊ नये. त्यातून काही दिसले नाही तर वीस-तीस किलोमीटर गाडी चालवून पुन्हा पाहावे, कारण काही सील इंजिन पुरते तापल्यावर आणि फेरे वाढल्यावरच गळतात. पावडरीवर ओलसर तपकिरी वाट उमटते. ती वाट उलटी, खालून वर, मागे मागे न्यावी. गुरुत्वाकर्षणाने ऑइल खाली जाते आणि धावत्या गाडीच्या वाऱ्याने मागे ढकलले जाते, म्हणून ओल्या भागातला सर्वांत उंच आणि सर्वांत पुढचा बिंदू हाच बहुधा उगम असतो.

तरीही नक्की कळत नसेल तर ऑइलमध्ये मिसळायचा अतिनील रंग मिळतो. तो बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात टाकून, थोडी गाडी चालवून, अंधारात अतिनील टॉर्च आणि पिवळा चष्मा लावून पाहिले की गळतीची जागा पिवळसर-हिरवी चमकते. अनेक ठिकाणांहून झिरपणाऱ्या इंजिनाला ही पद्धत फार उपयोगी पडते.

तिसरी पायरी, जी जवळजवळ सगळेच गाळतात: इंजिनाचा श्वास

पिस्टनच्या रिंगांना चुकवून थोडा वायू नेहमीच खाली चेंबरकडे येतो. तो बाहेर खेचून पुन्हा इंजिनात जाळण्यासाठी ब्रीदरची नळी आणि पीसीव्ही व्हॉल्व्ह असतो. फार जुन्या गाड्यांत नुसती उघडी ब्रीदर नळी असते. ही वाट काजळीने चोंदली की आतला दाब वाढतो आणि सर्वांत कमकुवत सांध्यातून ऑइल बाहेर ढकलले जाते. अशा इंजिनाला कितीही नवी सील बसवली तरी ती टिकत नाहीत. आज हे सील, पुढच्या महिन्यात ते पॅकिंग, अशी रांग लागली असेल तर दोष सीलचा नसून दाबाचा आहे, असे मी खुशाल धरून चालतो.

तपासणी सोपी आहे. आयडलवर चालणाऱ्या इंजिनाचे ऑइल भरण्याचे झाकण सावकाश उचलावे आणि तोंडावर पातळ कागद धरावा. थोडे ऑइल उडण्याची शक्यता असल्याने चेहरा दूर ठेवावा. कागद हलकेच आत ओढला गेला तर व्यवस्था नीट चालते आहे. कागद बाहेर ढकलला जात असेल आणि धूर हबक्या देत येत असेल, तर आधी पीसीव्ही व्हॉल्व्ह काढून कानाशी हलवावा. आतली गोळी खुळखुळली पाहिजे. ती आवाज करत नसेल तर व्हॉल्व्ह बदलावा आणि ब्रीदरच्या सर्व नळ्या आतून साफ कराव्यात. एवढे करूनही जोर तसाच राहिला तर आपले मिस्त्री ज्याला ‘बॅक कॉम्प्रेशन’ म्हणतात तो प्रकार आहे, म्हणजे रिंगा किंवा सिलिंडर झिजले आहेत. मग कॉम्प्रेशन मोजून घ्यावे आणि इंजिनकामाचा विचार करावा. सीलवर पैसे घालू नयेत.

दुरुस्ती: वरून खाली, स्वस्ताकडून महागाकडे

टॅपेट कव्हरचे पॅकिंग हे जुन्या गाड्यांतल्या गळतीचे सर्वांत नेहमीचे ठिकाण आहे आणि घरी करण्याजोगे कामही आहे. एअर फिल्टरचा डबा आणि ब्रीदरची नळी काढावी, प्लगच्या तारांवर चिकटपट्टीने क्रमांक घालावेत आणि कव्हरचे बोल्ट गोटीपान्याने थोडेथोडे, सगळीकडून सैल करावेत. कव्हर चिकटलेले असेल तर रबरी हातोडीने बाजूने हलके ठोकावे. स्क्रूड्रायव्हर खुपसून उचकटल्यास अॅल्युमिनियमवर ओरखडा पडतो आणि तिथून कायमची गळती लागते. जुने पॅकिंग लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने खरवडावे, त्याचे तुकडे हेडमध्ये पडू देऊ नयेत आणि दोन्ही पृष्ठभाग फडक्याने तुकतुकीत कोरडे करावेत. पत्र्याचे कव्हर असेल तर त्याच्या कडेला स्टीलची सरळ पट्टी लावून ते वाकलेले नाही ना, हे पाहावे.

नवे रबरी पॅकिंग कोरडेच बसवायचे असते. सिलिकॉनचे सीलंट लावायचेच तर ते केवळ हेडच्या कोपऱ्यांत, जिथे अर्धगोल रबरी बुच किंवा कॅमची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या शाफ्टची) टोपी सांध्याला मिळते तिथे, तांदळाच्या दाण्याएवढे लावावे. बोल्ट मधल्यापासून सुरुवात करून तिरपे-तिरपे बाहेर जात, दोन-तीन फेऱ्यांत आवळावेत. ६ मिलिमीटरच्या बोल्टला साधारण ८ ते १० न्यूटन-मीटर पुरतात. काही गाड्यांत याहूनही कमी लागतात, म्हणून त्या गाडीच्या मॅन्युअलमधला आकडाच प्रमाण मानावा. जास्त आवळल्याने गळती थांबत नाही. पॅकिंग चिरडून बाहेर येते आणि बोल्टचे आटे जातात. पॅकिंग कॉर्कचे असेल तर आठवड्याभराने, इंजिन थंड असताना, बोल्ट एकदा पुन्हा तपासून घ्यावेत.

डिस्ट्रिब्युटरची ओ-रिंग बदलताना त्याच्या बुडाची आणि हेडची परस्परांशी असलेली जागा रंगाच्या रेघेने आधी खुणावून ठेवावी आणि आतला रोटर कोणत्या दिशेला आहे त्याचा फोटो काढावा, नाही तर इग्निशनचे टायमिंग बिघडेल. डिस्ट्रिब्युटर बाहेर असेपर्यंत इंजिन मुळीच फिरवू नये.

ऑइल प्रेशरच्या स्विचची गळती फसवी असते, कारण ऑइल आट्यांतून न येता स्विचच्या पोटातून, विजेच्या पिनेजवळून येते. कनेक्टर काढल्यावर तो आतून ऑइलने भिजलेला असेल तर स्विच बदलावा. एकच तार असलेल्या स्विचला अर्थिंग आट्यांमधूनच मिळते, म्हणून त्यावर टेफ्लॉनची जाड गुंडाळी करू नये. ऑइलचा दिवा चुकीचे सांगू लागेल.

ऑइल फिल्टर बदलल्यानंतर लगेच गळती सुरू झाली, तर जुन्या फिल्टरचे रबर इंजिनाच्या तोंडावरच चिकटून राहिले आहे का ते पाहावे. दोन रबरे एकावर एक बसली की इंजिन सुरू होताच ऑइल धारेने बाहेर येते. नव्या फिल्टरच्या रबराला ऑइलचे बोट फिरवून, तो टेकल्यानंतर हाताने पाऊण फेरा आवळावा. ड्रेन बोल्टचा वॉशर प्रत्येक ऑइल बदलाबरोबर नवा घालावा. आटेच गेले असतील तर एम-सीलने बोल्ट बुजवण्यापेक्षा लेथवाल्याकडून हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवून घेणे हाच खरा इलाज आहे.

चेंबरच्या पॅकिंगसाठी गाडी उचलावी लागते. ती सपाट, पक्क्या जमिनीवर, मागच्या चाकांना ठोकळे लावून, दोन मजबूत घोड्यांवर (जॅक स्टँडवर) ठेवावी. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही, क्षणभरही जाऊ नये. पत्र्याच्या चेंबरची कड प्रत्येक बोल्टच्या भोकाभोवती वर उचललेली असते, कारण आधीच्या हातांनी ती जोरात आवळलेली असते. ती लाकडी ठोकळ्यावर ठेवून हातोडीने सपाट केल्याशिवाय नवे पॅकिंग बसवण्यात अर्थ नाही. जिथे पॅकिंगऐवजी सीलंटच वापरायचे असते, तिथे सुमारे ३ मिलिमीटरची अखंड रेघ बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूने काढावी आणि पाकिटावर लिहिलेला वेळ संपेपर्यंत ऑइल भरू नये. सीलंट भरमसाट थोपले की आत ओघळलेले त्याचे तुकडे सुटून ऑइल ओढणाऱ्या जाळीवर बसतात, ऑइलचा दाब पडतो आणि इंजिन जाम होते. डागापायी इंजिन गमावण्याचा हा हमखास मार्ग आहे.

टायमिंग बेल्ट असलेल्या इंजिनांत क्रँकचे पुढचे सील आणि कॅमचे सील ही त्या बेल्टच्या मागे असतात. बेल्ट नीट न बसल्यास व्हॉल्व्ह वाकू शकतात, म्हणून ज्यांनी हे काम पूर्वी केलेले नाही त्यांनी ते जाणत्या मिस्त्रीकडेच द्यावे. मात्र काय मागायचे ते माहीत असावे. एक सील गळत असले तरी कॅमचे आणि क्रँकचे अशी दोन्ही बदलावीत, आणि ऑइलने भिजलेला टायमिंग बेल्ट पुसून परत वापरू नये. जुने सील काढताना शाफ्टवर ओरखडा पडता कामा नये. शाफ्टवर जुन्या ओठाने पाडलेली खाच नखाला लागत असेल तर सील किंचित पुढे-मागे बसवावे किंवा शाफ्टवर पातळ स्टीलची स्लीव्ह चढवावी. नव्या सीलच्या ओठाला ऑइल लावून, त्याच्या बाहेरच्या व्यासाएवढ्या गोटीने किंवा पाइपच्या तुकड्याने ते सरळ, समान ठोकत बसवावे.

क्रँकच्या मागच्या सीलचा खर्च सीलचा नसतो, गिअरबॉक्स उतरवण्याचा असतो. म्हणून त्याचा निर्णय शेवटी घ्यावा. टॅपेट कव्हरचा गिअरबॉक्सकडचा कोपरा, डिस्ट्रिब्युटर आणि प्रेशरचा स्विच कोरडे आहेत, आणि तरीही बेलहाउसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्स यांमधल्या, क्लच झाकणाऱ्या आवरणाच्या) तळातून ऑइल येते आहे, हे पाहिल्यावरच गिअरबॉक्सला हात लावावा. गंधकाचा वास असेल तर ते गिअरबॉक्सच्या पुढच्या सीलमधून येणारे गिअर ऑइल आहे. गिअरबॉक्स उतरलाच आहे तर क्लच प्लेट आणि रिलीज बेअरिंगही तपासून घ्यावे. ऑइलने भिजलेली प्लेट घसरते. १४८९ सीसी पेट्रोल इंजिनाच्या अॅम्बॅसेडरच्या मालकांनी एवढे लक्षात ठेवावे की त्या इंजिनात क्रँकच्या मागे रबरी सील नसून ऑइल परत आत ढकलणारे आटे कोरलेले असतात. तिथला किरकोळ थेंब हा रचनेचाच भाग आहे आणि तो पूर्ण थांबवण्याच्या मागे लागून इंजिन उघडू नये.

सुटे भाग आणि फसवे उपाय

पॅकिंग आणि सील ऑपेरा हाऊसच्या सुट्या भागांच्या दुकानांत किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मिळतात. जाताना जुने सील नमुन्याला न्यावे. त्यावर ३५-५०-८ असे कोरलेले असेल तर आतला व्यास ३५, बाहेरचा ५० आणि जाडी ८ मिलिमीटर असे वाचावे. सीलचा ओठ बोटाने दाबून पाहावा. वर्षानुवर्षे दुकानात पडून राहिलेले सील नवे असूनही कडक असते. उतरवलेल्या इंजिनांचे भाग विकणाऱ्यांकडून कव्हर किंवा चेंबर जरूर घ्यावे, सील आणि पॅकिंग कधीही घेऊ नये.

गळती थांबवणारी औषधे कडक झालेले रबर थोडे फुगवतात. त्यामुळे सीलमधून येणारा हलका पाझर काही महिने कमी होऊ शकतो, पण चिरलेले रबर, वाकलेली कड किंवा चोंदलेला ब्रीदर त्याने सुधारत नाही. गळती कमी व्हावी म्हणून मॅन्युअलमध्ये सांगितलेल्यापेक्षा दाट ऑइल भरणे तर मला चुकीचेच वाटते, कारण थंड इंजिन सुरू होताना ते वरच्या भागांपर्यंत उशिरा पोहोचते.

काम झाल्यानंतर

इंजिन पुन्हा स्वच्छ पुसून, ऑइलची पातळी भरून, पहिल्या रात्री पुठ्ठा पुन्हा अंथरावा. ५० किलोमीटर झाल्यावर आणि नंतर ५०० किलोमीटर झाल्यावर तीच तपासणी करावी, आणि महिनाभर दर रविवारी डिपस्टिक पाहून आकडा वहीत लिहावा. जमिनीवर थेंब नाही आणि तरीही पातळी उतरते आहे, असे दिसले तर इंजिन ऑइल जाळते आहे. गाडी काही वेळ आयडलवर ठेवून मग रेस करताना मागून निळसर धूर येतो का ते पाहावे. खासगी गाडीला पंधरा वर्षे झाली की नोंदणीच्या नूतनीकरणासाठी आरटीओची तपासणी असते. त्या तारखेच्या किमान महिनाभर आधी हे सगळे उरकलेले असावे, म्हणजे दुरुस्ती टिकली की नाही हे समजायला वेळ मिळतो.

काढलेले काळे ऑइल झाकणाच्या कॅनमध्ये साठवून, वापरलेले ऑइल अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांना देणाऱ्या वर्कशॉपमध्ये पोहोचवावे. कायद्याने ते घातक कचऱ्यात मोडते. सोसायटीच्या गटारात ओतलेले ऑइल नाल्यातून थेट खाडीत आणि समुद्रात जाते. पेव्हर ब्लॉकवरच्या डागावर लाकडाचा भुसा रात्रभर पसरून ठेवावा, सकाळी तो झाडून कॅनबरोबरच द्यावा आणि उरलेला डाग डिटर्जंट आणि काथ्याच्या ब्रशने घासून काढावा.